लॅटिन पत्र : मायना आणि मजकूर

वर्ध्याजवळच्या ज्या गावास आज सारे जग सेवाग्राम म्हणून ओळखते, त्याचे मूळ नाव सेगाव. १९३६ साली गांधीजी तेथे वास्तव्यास आले आणि त्यांच्यामागोमाग टपालाचा ओघ सुरू झाला. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव, वर्धा जिल्ह्यात सेगाव. नावांच्या या सारखेपणामुळे पत्रांची चुकामूक होऊ लागली, आणि १९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले. पत्र योग्य माणसाच्या हाती पडावे म्हणून एका गावाने आपले नाव बदलले! याच जिल्ह्यात धर्मग्रामाची सेवा करताना आम्हांस हा प्रसंग वारंवार आठवतो आणि त्यासोबत एक प्रश्नही मनात येतो. नव्या करारातील सत्तावीस पुस्तकांपैकी एकवीस पुस्तके पत्ररूप आहेत. अशा ग्रंथावर वाढलेले आपण लोक पत्र लिहावयाचे विसरलो कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ज्या लॅटिन पत्रपरंपरेच्या छायेत आमचे शिक्षण झाले, तिचाच प्रथम विचार करावा असे वाटते.

लॅटिन पत्रावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ते ठरावीक साच्याचे असते, त्यात माणूस सापडत नाही. आक्षेप अगदीच निराधार नाही. बाराव्या शतकात बोलोन्या नगरीत पत्रलेखनाचे शास्त्रच तयार झाले होते. पत्राचे पाच भाग मानीत : अभिवादन, वाचकाचे मन प्रसन्न करून घेणे, हकिकत, विनंती आणि समारोप. श्रेष्ठास लिहिताना त्याचे नाव आधी आणि आपले मागाहून, असे दंडक होते. त्याहून प्राचीन रोमन पत्र तर आरंभीच आद्याक्षरांत उरकून घेई. त्या अक्षरांचा अर्थ एवढाच : तुझे कुशल असेल तर बरे आहे, मी कुशल आहे.

पण मराठी वाचकाने यास हसू नये. ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ हे आपल्या पूर्वजांचे वाक्य त्याच जातीचे आहे. रोमन माणसाची आद्याक्षरे आणि आपले ‘सा. न. वि. वि.’ शेजारी ठेवून पाहावे. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. कोणास कोणता मायना लिहावा हे शिकविणारी ‘मेस्तक’ नावाची पुस्तके आपल्याकडेही होती, आणि त्यांचे कर्तृत्व परंपरेने हेमाडपंतांकडे दिले जाते. बोलोन्याचा पंडित आणि देवगिरीचा कारभारी एकमेकांस ओळखत नव्हते. तरीही दोघांना एकच गोष्ट उमगली होती. पत्राचा मायना म्हणजे घराचा उंबरठा. उंबरठ्यावर कोणी राहत नाही. पण तो ओलांडल्यावाचून घरात जाताही येत नाही.

तेव्हा खरी परीक्षा मजकुराची. ती करावयाची तर किकेरोपासून आरंभ करावा लागतो. त्याच्या पत्रसंग्रहात, इतरांनी त्याला लिहिलेली धरून, नऊशेच्या वर पत्रे आहेत. आत्तिकुस या जिवलग मित्राला लिहिलेली पत्रे शतकानुशतके विस्मृतीत गेली होती. १३४५ साली पेत्रार्काला ती वेरोना येथे आढळली. वाचून तो हर्षला आणि खिन्नही झाला, कारण ग्रंथांतला धीरगंभीर तत्त्वज्ञ येथे घाबरत होता, चिडत होता, मत बदलत होता. आमच्या मते हाच या पत्रांचा मोठा गुण आहे. याउलट धाकट्या प्लिनीने आपली पत्रे स्वतः निवडून, घासूनपुसून प्रसिद्ध केली. ती सुरेख आहेत. परंतु वाचताना मित्राच्या खांद्यावरून लेखक आपल्याकडे पाहतो आहे असे सतत जाणवते. त्याच प्लिनीने सुमारे ११२ साली ख्रिस्ती लोकांचे काय करावे हे सम्राट त्रायानास विचारले, तेव्हा मात्र त्याच्या लेखणीला काम होते, आणि म्हणून ते पत्र इतिहासात राहिले.

इसवी सनापूर्वी ४५ मध्ये किकेरोची कन्या तुल्लिया मरण पावली. सुल्पिकियुस या मित्राने अथेन्सहून सांत्वनाचे पत्र पाठविले. आपण जहाजातून जात असता एके काळी भरभराटलेली आणि आता उद्ध्वस्त झालेली नगरे चहूबाजूंस दिसली, असे तो सांगतो. नगरे जेथे नष्ट होतात तेथे एका मानवी देहाचा शोक किती करावा? युक्तिवाद निर्दोष आहे. तथापि तेवढ्यावर ते पत्र तरले असते असे आम्हांस वाटत नाही. आरंभी त्याने लिहिले आहे की मी तेथे असतो तर तुझ्या दुःखात सोबत केली असती, आणि सांत्वन करणाऱ्यांनाच अशा वेळी सांत्वनाची गरज असते. हे दोन शब्द नसते तर पुढचा उपदेश कोरडा झाला असता. किकेरोने त्यास आदराने उत्तर दिले. परंतु त्याच दिवसांत आत्तिकुसला तो लिहितो ते निराळेच असते : दिवसभर रानात एकटा असतो, लिहितो, रडतो. शोकाकुल घरी जाताना आमच्यासारख्या धर्मगुरूने ही दोन्ही पत्रे मनात ठेवावीत. पहिले पत्र काय बोलावे ते शिकविते. दुसरे पत्र आपल्या बोलण्याने काय होत नाही ते दाखविते.

लॅटिन पत्राची आणखी एक लकब सांगण्यासारखी आहे. रोमन लेखक पुष्कळदा ‘मी हे लिहीत आहे’ असे न म्हणता ‘मी हे लिहीत होतो’ असे म्हणे. कारण पत्र वाचले जाईल तेव्हा हे लिहिणे भूतकाळात जमा झालेले असेल. व्याकरणाच्या तासाला हा नियम आम्हांस विचित्र वाटे. आज त्यात मोठी नम्रता दिसते. लिहिणारा आपला काळ सोडून वाचणाऱ्याच्या काळात जाऊन बसतो.

ही परंपरा आपल्या भाषेच्या दारी आणली ती येशूसंघीयांनी. संत इग्नासियुस यांनी १५४२ साली पीटर फेबर यांस एक शिस्त घालून दिली : जे सर्वांना दाखविता येईल ते मुख्य पत्रात लिहावे, तेही एकदा लिहून, तपासून, पुन्हा लिहावे, खाजगी गोष्टी वेगळ्या कागदावर लिहाव्यात. या शिस्तीमुळे जगभरच्या मिशनांचा वृत्तांत युरोपात पोहोचला. परंतु तिची किंमतही मोजावी लागली. दाखविण्याच्या पत्रांत यश आणि श्रद्धावृद्धी यांचेच वर्णन वाढत गेले. संशय, थकवा आणि चुका दुसऱ्या कागदावर गेल्या.

‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांची दोन पत्रे या दृष्टीने वाचावीत. १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचल्यावर त्यांनी वडिलांना इंग्रजीत प्रवासाची हकिकत लिहिली. ते पत्र १५८९ साली हॅक्लुटच्या संग्रहात छापलेही गेले. चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, पॅरिसमधील रिचर्ड या भावाला त्यांनी लिहिले ते लॅटिनमध्ये. त्यात त्याच वर्षी कुंकळ्ळी येथे मारल्या गेलेल्या पाच येशूसंघीयांची वार्ता आहे, आणि ती हुतात्म्यांच्या गौरवाच्या ठरावीक रीतीने सांगितली आहे. गावची देवळे पाडली गेल्याने तेथील लोक संतप्त झाले होते, ही बाजू आज आपण त्या पत्राशेजारी ठेवून वाचली पाहिजे. परंतु त्याच पत्रात माडाचे वर्णन येते : तेल, ताडी, साखर, शिरका, दोर, झोपडीचे छप्पर, सारे एका झाडापासून. आणि मग येथील भाषांविषयी ते लिहितात. उच्चार कानास गोड, रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी, वाक्प्रयोग विस्मयकारक. येथील अक्षरे म्हणजे पूर्ण उच्चारखंड, हेही त्यांच्या ध्यानी आले होते. विल्यम जोन्सच्या प्रसिद्ध प्रतिपादनाआधी दोन शतके हे निरीक्षण एका घरगुती पत्रात नोंदले गेले आणि विसाव्या शतकापर्यंत छापलेही गेले नाही.

भावाशी इंग्रजीत बोलणारा माणूस त्याला लॅटिनमध्ये का लिहितो? आमचे अनुमान असे की लॅटिनमध्ये लिहीत असल्यामुळेच येथील भाषेची तुलना त्यांच्या हाती आली असावी. वाक्य जुळविताना एक भाषा लेखणीत आणि दुसरी कानात होती. साच्याने येथे विचार अडविला नाही, उलट जागा केला. पुढे १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. त्या मराठीवरील प्रेमाचा पहिला लेखी पुरावा या लॅटिन पत्रात आहे.

पुन्हा सेवाग्रामकडे वळू. लंडनच्या मॅट्रिक परीक्षेत गांधीजी प्रथम लॅटिनमध्येच नापास झाले होते, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले, आणि पुढे रोमन कायदा त्यांनी मूळ लॅटिनमध्ये वाचला. त्यांच्या पत्रांत मात्र त्या विद्येचे कोठेही प्रदर्शन नाही. उजवा हात थकला की डाव्या हाताने लिहावे, पोस्टकार्डावर मावेल तेवढेच लिहावे, राजकारणाइतक्याच गांभीर्याने कोणाचे पोट बिघडले याची चौकशी करावी. किकेरोच्या पत्रांत जी जवळीक आहे ती येथेही आहे.

आता स्वतःविषयी थोडे, कारण दुसऱ्याच्या पत्रांची समीक्षा करणाऱ्याने आपली पत्रेही पुढे ठेवावीत. आमची आई निरक्षर होती. सेमिनरीतून आम्ही पाठविलेले आंतर्देशीय पत्र ती शेजारच्या घरून वाचून घेई, आणि मग आळीभर ते सर्वांचे होई. हे ठाऊक असल्यामुळे आम्ही तिला नेहमी दाखविण्याचेच पत्र लिहिले. प्रकृती ठीक, अभ्यास उत्तम, सर्वांस नमस्कार. दुसऱ्या वर्षी आम्ही परत यावयाच्या विचारात होतो. तो दुसरा कागद आम्ही कधी लिहिला नाही, आणि सुटीत घरी गेल्यावर बोललोही नाही. ती गेल्यावर तिच्या पेटीत सर्व पत्रे घड्या घालून ठेवलेली मिळाली. वाचून पाहिली. मायना निर्दोष होता. पत्रात आम्ही नव्हतो.

म्हणून लॅटिन पत्रास किंवा आपल्या जुन्या मायन्यास दोष देणे आम्हांस मान्य नाही. साच्याने आमचे तोंड बांधले नव्हते. आम्हीच साच्यामागे लपलो होतो. आज नोंदणीकृत टपालही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, आणि घराघरांत क्षेमकुशल मोबाईलवर क्षणात विचारले जाते. त्या तत्परतेला आमचा विरोध नाही. परंतु तेथेही तयार शुभेच्छा आणि फुलांची चित्रे हा नवा मायनाच आहे, आणि त्याच्याखाली मजकूर बहुधा नसतो.

धर्मग्रामातील कुटुंबांना आमची एवढीच विनंती आहे. घरापासून दूर शिकणाऱ्या मुलास, नोकरीनिमित्त परगावी गेलेल्या भावास, विधवा झालेल्या बहिणीस महिन्यातून एक पत्र लिहावे. ‘तीर्थरूप’ आणि ‘चिरंजीव’ खुशाल लिहावे. आणि सर्वांना दाखविण्याचा कागद लिहून झाला की आणखी एक कागद घ्यावा.