नंदूसाठी रडणारे आपण

'चौकट राजा' तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? मी गेल्या सप्टेंबरात पाहिला, बुकित तिमाहमधल्या एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये, पन्नासेक मराठी माणसांबरोबर. ब्यूटी वर्ल्ड स्टेशनवर उतरून दहा मिनिटं चाललं की ती इमारत येते. प्रोजेक्टर कुणाच्या तरी ऑफिसातून आणलेला, मध्यंतराला बटाटेवडे. अर्ध्या तासात हुंदके ऐकू यायला लागले. माझेही डोळे भरून आले होते, हे आधीच कबूल करते.

त्याच सुमारास मागच्या रांगेतला एक मुलगा, तेरा-चौदा वर्षांचा, मोठ्यानं एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागला. त्याला ऑटिझम आहे. दोन-तीन माना वळल्या, कुणीतरी "श्श" केलं. मी दाराजवळ बसले होते. मी उठले आणि अगदी गोड आवाजात त्याच्या आईला म्हटलं, "ताई, बाहेर लॉबीत सोफा आहे, तिथे त्याला जरा मोकळं वाटेल." त्या उठल्या. बाबांनी डबा आणि पाण्याची बाटली गोळा केली. दार बंद झालं आणि आम्ही पुन्हा नंदूसाठी रडायला बसलो.

तेव्हापासून हा चित्रपट माझ्या डोक्यातून जात नाही. मी काम करते प्रथिनांवर, चित्रपटांची समीक्षा हा काही माझा प्रांत नाही. पण नंतर मी तो वही घेऊन आणखी दोनदा पाहिला.

१९९१ चा हा चित्रपट संजय सूरकर यांनी दिग्दर्शित केला, निर्मिती स्मिता तळवलकर यांची. दिलीप प्रभावळकरांचा नंदू आजही थक्क करतो. हातांची ती अस्वस्थ हालचाल, अर्ध्यात सुटणारी वाक्यं, आनंद झाला की सगळ्या अंगातून उसळणारा आनंद. कीव यावी म्हणून ते काहीच करत नाहीत, आणि म्हणूनच आपण हलतो. सुलभा देशपांडेंची आई तर मला नंदूइतकीच मोठी वाटते. माझ्यामागे याचं काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर सतत असतो. अभिनयाबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी अडचण गोष्टीशी आहे.

नंदू असा का झाला? लहानपणी खेळताना झालेल्या अपघातामुळे. त्या वेळी मीनल सोबत होती. मोठेपणी ती त्याला भेटते, ओळखते, त्याच्यासाठी काही करू पाहते. नवऱ्याला ते रुचत नाही. म्हणजे मीनलची मदत ही परतफेड आहे. ती त्याचं देणं लागते. पटकथा म्हणून हे पक्कं आहे, भावना कुठून येते ते प्रेक्षकाला लगेच कळतं. पण ज्या मुलाच्या आयुष्यात अपघात नाही, अपराधी मैत्रीण नाही, जो जन्मतःच तसा आहे, त्याचं देणं कोण लागतं? चित्रपटात याचं उत्तर नाही, कारण तिथे सगळा प्रश्न एका बाईच्या मनात सुरू होतो आणि तिच्याच घरात गुंतत जातो. शिकायचं ते नंदूनं. वाडीनं, शेजाऱ्यांनी काय शिकायचं, हे कुणी विचारत नाही.

शिवाय नंदू निरागस आहे. ही अट आपण कधी वाचलेलीच नसते.

मग 'यलो' आठवला, महेश लिमये यांचा, २०१४ सालचा. इथे मोठं पाऊल पडलं. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ, जिला डाऊन सिंड्रोम आहे, तिनं स्वतःचीच भूमिका केली. लहानपणची गौरी संजना राय हिनं. दोघींचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. नट नक्कल करतोय आणि आपण नक्कलेला टाळ्या देतोय, हा प्रकार संपला. पण गोष्ट मात्र पदकाकडे धावते. निरागसपणाच्या जागी पदक आलं. ज्याला पोहता येत नाही, जो किंचाळतो, चावतो, सोफा ओला करतो, त्याला आपल्या गोष्टींत शिरायला दार कुठलं? लॉबीतल्या त्या मुलाकडे दोन्हींपैकी काहीच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, सिंगापूरसारख्या ठिकाणी राहून हे रडगाणं का? खरं आहे. इथे इमारतींत अडथळे नसावेत यासाठीची नियमावली १९९० पासून आहे. २०२० च्या अखेरीपासून सगळ्या सार्वजनिक बसमध्ये व्हीलचेअर चढते. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात विशेष गरजा असलेली मुलंही २०१९ पासून आली. बस थांबते, चालक उतरून फळी टाकतो, खुर्ची आत येते, बाकीचे फोनमध्ये बघत राहतात. कुणाचे डोळे भरून येत नाहीत, आणि ते मला फार आवडतं. आमच्या फंक्शन रूमलाही उतार आहेच. त्या उतारावरून तो मुलगा चालत आत आला होता. बाहेर मी काढलं.

दोन आठवड्यांनी मी त्या ताईंना भेटले. "तुमचं काही चुकलं नाही हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हे वाक्य किती वेळा म्हणावं लागलं असेल ते मला कळलं. मी विचारलं, काय केलं तर जमेल? त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. इथल्या काही नाटकांचे 'रिलॅक्स्ड' प्रयोग होतात, तसं करा. दिवे पूर्ण घालवू नका. आवाज थोडा कमी. मध्येच कुणी उठून गेलं, परत आलं, तर बघू नका. आणि कार्यक्रमाचा क्रम आधी पाठवा, खोलीच्या फोटोसकट; पुढे काय होणार हे कळलं की तो निम्मा शांत असतो.

दिवाळीच्या कार्यक्रमाआधी यावर आमच्यात तासभर वाद झाला. रसभंग होईल, असं एका काकांचं म्हणणं. गाणाऱ्यांनाही डोळ्यांवर उजेड नको होता. शेवटी मागच्या बाजूचे दिवे चालू ठेवले, शेजारच्या खोलीत सतरंजी टाकली. ते तिघं आले. नाट्यगीत चालू असताना तो शब्द तीनदा ऐकू आला. वळलेल्या माना मी मोजल्या: चार. त्यांतली एक त्या काकांची, पण ते काही बोलले नाहीत. वीस मिनिटांनी तिघं सतरंजीवर गेले आणि फराळाला परत आले.

आता पुढच्या महिन्यात 'यलो' लावायचा विचार चालू आहे. मी ताईंना उत्साहानं कळवलं. त्यांचं उत्तर आलं: त्याला तलावातले आवाज सहन होत नाहीत. त्यापेक्षा 'अशी ही बनवाबनवी' लावा, तो त्याला अख्खा पाठ आहे.