शरणपूरची मुलं आणि लंडनचं प्रदर्शन

मंडळी, विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत कुजबुज झाली, ती आम्हाला ऐकू आली. आफ्रिकी आणि ब्रिटिश समाजांनी एकमेकांना समजून घ्यावं म्हणून तिकडे देवाणघेवाणीचे कार्यक्रम होतात, त्याचं डोणगावात काय? प्रश्न रास्त आहे. डोणगावचा संबंध नाही, पण नाशिकचा आहे आणि तो चांगलाच जवळचा आहे.

ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली १८०७ साली. तिला दोनशे वर्षं झाली म्हणून २००७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं ‘बॉम्बे आफ्रिकन्स १८५०–१९१०’ हे प्रदर्शन भरवलं. त्याचा विषय असा. पूर्व आफ्रिकेतून गलबतांत कोंबून नेली जाणारी माणसं ब्रिटिश आरमार समुद्रात पकडून सोडवी. त्यातली बरीच मुंबईला उतरवली गेली. काही मुलांना चर्च मिशनरी सोसायटीनं नाशिकजवळच्या शरणपूरला ठेवलं. तिथे ती लिहिणं-वाचणं, सुतारकी, लोहारकी शिकली. तुमच्यापैकी जे नाशिकला गेले असतील ते शरणपूर रोडवरून गेलेच असतील. आम्हीही किती वेळा गेलो! शरण कोण आलं होतं, हे विचारायचं काही सुचलं नाही.

डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये नाशिकला आला आणि आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी इथली मुलं घेऊन गेला. पुढे १८७२ मध्ये आणखी काही जण पाठवले गेले, त्यात जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ला आजच्या झांबियात चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. सोबतच्या माणसांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, वेनराइटनं प्रार्थना म्हटली, झाडावर अक्षरं कोरली. मग देह मीठ लावून वाळवला, गुंडाळला आणि पायी किनाऱ्याकडे निघाले. वाटेत कॅमेरॉन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं सुचवलं, इथेच पुरून टाका. यांनी ऐकलं नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोचले. हजार मैलांहून अधिकची चाल, मंडळी. इकडे आपण वारीला निघतो, तेव्हा पंढरपूर कुठे आहे हे तरी माहीत असतं!

या लोकांना इंग्रजी पुस्तकांनी ‘विश्वासू नोकर’ म्हटलं. प्रदर्शनानं त्यांना नावं परत दिली, विषयाच्या मध्यभागी आणलं. हे मोठं काम झालं आणि त्याबद्दल आम्ही हातचं राखून बोलणार नाही.

आमची हरकत ‘देवाणघेवाण’ या शब्दाला आहे. तो ऐकताना वाटतं, दोघं समोरासमोर बसलेत आणि ताटं बरोबरीची आहेत. १८७४ मध्ये काय झालं पाहा. वेनराइट शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. पेटीशेजारी उभा असलेला त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबेत तो खांदेकऱ्यांत होता. चुमा आणि सुसी हे दोघं अंत्यविधी उरकल्यावर पोचले. न्यूस्टेड ॲबेच्या आवारात त्यांनी लिव्हिंगस्टन ज्या झोपडीत गेला तशी झोपडी बांधून दाखवली. हॉरेस वॉलरला त्यांनी लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या रोजनिशा समजावून सांगितल्या. पुस्तक वॉलरच्या संपादनाखाली निघालं. आमच्या मते देवाणघेवाणीचा पहिला कार्यक्रम हाच. एकानं झोपडी बांधायची, दुसऱ्यानं पाहायची.

आणि वेनराइटनं स्वतः लिहिलेलं? त्याची डायरी होती. तिचं जर्मन भाषांतर तेव्हाच छापलं गेलं. त्याच्या हातचा इंग्रजी मजकूर लोकांसमोर आला २०१९ मध्ये. दाखवण्याजोगं होतं ते लगेच दाखवलं. वाचण्याजोगं होतं ते एकशे पंचेचाळीस वर्षं थांबलं.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही ओळख आणि समज यांत फरक करत असू. ओळख एका संध्याकाळी होते. समजेसाठी समोरच्याला आपल्याबद्दल निवाडा करू द्यावा लागतो, आणि तो आपल्याला रुचेलच असं नाही. हे शिकवणारे आम्ही एकदा एका कॉलेजात ‘आंतरराष्ट्रीय दिना’ला अध्यक्ष होतो. केनियाहून आलेला एक विद्यार्थी होता, संख्याशास्त्राचा. संयोजकांनी त्याला नाचायला सांगितलं. तो म्हणाला, मला नाचता येत नाही. सगळे हसले, त्यांना वाटलं लाजतोय. शेवटी तो कसाबसा नाचला. टाळ्या पडल्या, त्यांत आमच्याही होत्या. कार्यक्रमानंतर तो काही न बोलता चहा न घेता गेला. त्याला खोली मिळायला किती घरमालकांचे उंबरे झिजवावे लागले, हे आम्ही त्या दिवशी विचारलं असतं तर कार्यक्रम जरा कामाचा झाला असता.

प्रदर्शनाच्या नावात मुंबई आहे, शरणपूर नाही. पण त्याचा दोष लंडनवाल्यांना का द्यावा? १८७४ नंतर यातली बरीच माणसं मोंबासाजवळ वसली. त्या वस्तीला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून फ्रिअर टाउन म्हणतात. तिथे नाशिकची आठवण राहिली. नाशिकला त्यांची राहिली नाही. बरं, हबशी माणूस आपल्याला नवा का आहे? मलिक अंबर निजामशाहीचा वजीर होता, आणि इथून जवळच्या सिंदखेडराजाचे लखुजी जाधव त्याच निजामशाहीत सरदार होते. हे आपण शाळेत शिकतो आणि पुण्यात आफ्रिकी पोरगा दिसला की वळून पाहतो.

आम्हाला वेनराइटची डायरी मराठीत वाचायला मिळालेली नाही. इथे इंग्रजी शिकवणारी चार-पाच मास्तर मंडळी बसलेली दिसतात. पुढच्या वर्षी आम्हाला बोलावलंत तर भाषण नको, तिची दहा पानं मराठी करून ठेवा. आम्ही समोर बसून ऐकू.