मूळ स्थितीचा मोह : साठच्या दशकातील ब्रिटिश बेस गिटार आणि तिच्या आठवणी

जुन्या वाद्यांच्या बाजारात ‘मूळ स्थिती’ या दोन शब्दांना फार मोल असते. रंग मूळचा, पिकअप मूळचे, खुंट्या मूळच्या असतील तर किंमत चढते. कोणी मध्येच एखादे भोक पाडले असेल तर ती उतरते. साठच्या दशकातील ब्रिटिश बेस गिटारींविषयी आजवर जे लिहिले गेले, ते बहुतांशी याच नजरेने लिहिलेले आहे. संग्राहकांची पुस्तके, वादकांच्या आठवणी, जुन्या कॅटलॉगांची पुनर्मुद्रणे मी तीसएक वर्षे वाचत आलो आहे. कोणते वाद्य कोणत्या साली, कोणाच्या हातून तयार झाले, हे या मंडळींनी चिकाटीने नोंदवले नसते तर प्रस्तुत लेखही लिहिता आला नसता. तरीही त्यांचा मुख्य निकषच चुकीचा आहे, असे माझे मत झाले आहे. या मताला एक खासगी कारणही आहे. ते शेवटी सांगतो.

आधी ही वाद्ये जन्मली कशी ते पाहू. लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियात ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. माणसाएवढ्या उंच डबल बेसला पडदे नसतात. सूर कानाने आणि सरावाने शोधावा लागतो. फेंडर यांनी दांडीवर पडदे बसवले, सूर नेमका लागू लागला, म्हणून ते नाव. मात्र ब्रिटनमधल्या पोरांना ही गिटार दुकानात दिसण्याची सोय नव्हती. युद्धानंतरच्या डॉलरटंचाईमुळे अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर तिथे १९५९पर्यंत निर्बंध होते. परकीय चलनाच्या टंचाईत वाढलेल्या आपल्या पिढीला ही परिस्थिती समजावून सांगायला नको.

वाद्य मिळत नाही म्हणून गाणे थांबत नाही. लॉनी डोनेगन यांच्यामुळे १९५६च्या सुमारास तिथे ‘स्किफल’ची लाट आली आणि गल्लोगल्ली मुलांचे ताफे निघाले. त्यांचा बेस म्हणजे चहाची रिकामी प्लायवूडची पेटी, तिच्यावर उभी केलेली झाडूची काठी आणि ताणलेली एक दोरी. आसाम-सिलोनचा चहा ब्रिटनला नेणारी पेटी अशी वाद्य झाली. पुढे ज्यातून बीटल्स उभे राहिले त्या ‘क्वारीमेन’कडेही हाच बेस होता. आणि त्याच सुमारास आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ‘हेक्टिक्स’ नावाच्या ताफ्यात फारुख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, पियानो वाजवत होता, तेव्हा त्यांचाही बेस चहाच्या पेटीचाच होता. ब्रिटिश बेस गिटारीचा इतिहास कारखान्यापासून सुरू करणारे लेखक ही पायरी गाळतात. ती गाळली की पुढचे नीट समजत नाही.

१९५८ साली ब्रिटनमध्ये हप्त्याने खरेदी करण्यावरचे सरकारी निर्बंध उठले. कोवळ्या वयाच्या ग्राहकाला आता महागडी वस्तू परवडू शकत होती आणि अमेरिकी माल अजून अडलेलाच होता. या फटीत ब्रिटिश कारागीर शिरले. डॅलस कंपनीची पातळ अंगाची ‘टक्सिडो’ आली, वॉटकिन्स यांची ‘रॅपिअर’ मालिका आली. जिम बर्न्स यांनी लंडनमध्ये शिंगे फुटल्यासारखी दिसणारी ‘बायसन’ घडवली. डार्टफर्डच्या टॉम जेनिंग्ज यांच्या ‘व्हॉक्स’ने तिरक्या पंचकोनी आकाराची ‘फँटम’ काढली.

या वाद्यांविषयीच्या लेखनात दोन सवयी मला खटकतात. पहिली, प्रत्येक ब्रिटिश बेस फेंडरशी ताडून पाहायची आणि ‘गरजेपोटी वापरलेली नक्कल’ ठरवायची. स्वस्ताईचे कारण खोटे नाही. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बर्गमध्ये जर्मन बनावटीची हॉफनर घेतली ती तीसएक पौंडांना. फेंडरला शंभराच्या घरात मोजावे लागले असते. मात्र सगळी निवड गरिबीने होत नव्हती. ज्या ‘शॅडोज’ने फेंडरचा नाद ब्रिटनला लावला, तेच १९६४ साली बर्न्स यांच्या गिटारींकडे वळले. त्यांना काय परवडत नव्हते?

दुसरी सवय अधिक घातक आहे. त्या काळच्या बेसचा जो बोजड, ‘धप्प’ असा नाद आज ‘विंटेज’ म्हणून वाखाणला जातो, त्याचे सारे श्रेय लाकूड आणि पिकअप यांना द्यायचे. खरे तर तो नाद एका लांबलचक साखळीतून येत होता. बऱ्याच स्वस्त बेसची दांडी आखूड होती. तार आखूड असली की त्याच सुरासाठी तिला कमी ताणावे लागते आणि नाद गोल, सैल होतो. तारांवरचे वेटोळे चपट्या पट्टीचे, त्यामुळे झणत्कार कमी. ॲम्प्लिफायर बहुधा साध्या गिटारीसाठी बांधलेले. त्यांच्या बारा इंची स्पीकरना खर्जाचा धक्का सोसत नसे. लिव्हरपूलच्या एड्रियन बार्बर यांनी बेससाठी पंधरा इंची स्पीकरच्या उंच पेट्या स्वतः बांधल्या. वादक त्यांना शवपेट्याच म्हणत. तारा तुटल्या तर दुसऱ्या मिळतील याची खात्री नसे: ‘द हू’च्या जॉन एंटविसल यांना सुट्या तारा मिळेनात म्हणून नव्या डॅनइलेक्ट्रो बेसच विकत घ्याव्या लागल्या. १९६६ साली त्यांच्यासोबत काम करून रोटोसाउंडने गोल वेटोळ्यांच्या खणखणीत तारा तयार केल्या. त्याच वर्षी ‘पेपरबॅक रायटर’च्या वेळी जेफ एमरिक यांनी एका लाउडस्पीकरचाच मायक्रोफोन म्हणून उपयोग केला, तेव्हा कुठे बीटल्सच्या तबकडीवर बेस पुरता ऐकू आला. या साखळीतले कितीसे दुवे काचेच्या कपाटात टांगलेल्या गिटारीत उरतात?

मूळ स्थितीच्या निकषाला सर्वात मोठा पुरावा उलट जातो तो बिल वायमन यांचा. १९६१ साली त्यांनी आठ पौंडांना एक जुनी बेस घेतली. ती डॅलस टक्सिडो होती असे मानले जाते. ती वाजेना. त्यांनी तिचे अंग कापून लहान केले, नवे बसवण्यासाठी पडदे उपटून काढले आणि मग लक्षात आले की पडद्यांविना ती अधिक चांगली वाजते. सरोदियाला यात नवल वाटणार नाही. बेस गिटारीच्या जगात मात्र हे नवे होते. फेंडर यांनी ज्या पडद्यांसाठी वाद्याचे नाव ठेवले, तेच इथे निघाले. ‘रोलिंग स्टोन्स’च्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत हीच बेस आहे. तिच्यावर एखाद्या अनोळखी वादकाचे नाव असते तर संग्राहकाने तिला ‘विद्रूप’ म्हणून बाजूला टाकले असते.

आता ते खासगी कारण. १९८०च्या दशकात नोकरीनिमित्त लंडनला असताना मी जुन्या बाजारातून साठच्या दशकातली एक स्वस्त ब्रिटिश बेस विकत घेतली. घोडीजवळ तारांखाली स्पंजाचा तुकडा खुपसलेला होता. अंगठा टेकायला घरी तासलेली लाकडी पट्टी होती. एक खुंटी दुसऱ्याच कुठल्या वाद्याची होती. दांडीच्या कडेला नेलपॉलिशचे लाल ठिपके होते, सातव्या पडद्यापर्यंतच. मी नुकताच संग्राहकांची पुस्तके वाचू लागलो होतो. कारागिराकडून सगळे काढून घेतले, भोके बुजवली, रंग नवा दिला. त्याने विचारलेही, की या काढलेल्या वस्तू ठेवायच्या का. मी नको म्हणालो.

पुढे कित्येक वर्षांनी मला कळले की मी काय पुसून टाकले. अंधाऱ्या हॉलमध्ये पडदे दिसावेत म्हणून ठिपके देणारा, सातव्याच्या वर क्वचितच जाणारा, लहान ॲम्प्लिफायर फाटू नये किंवा तार फार घुमू नये म्हणून स्पंज खुपसणारा तो कोणी वादक होता. त्या संगीताचा जो अभ्यास मला करायचा होता, त्याची साधने त्याने माझ्या हातात दिली होती. मी त्यांचा फोटोसुद्धा काढला नाही. आज ती बेस देखणी आहे आणि तिला भावही बरा येईल. त्या वादकाविषयी मात्र ती आता काही सांगत नाही.

मुंबईच्या सिनेवादकांच्या आणि गोव्याच्या बँडवाल्यांच्या घरांतही त्या काळातली, जोडकाम केलेली वाद्ये पडून आहेत. त्यांना ‘मूळ स्थितीत’ आणण्याआधी निदान एवढे करावे: प्रत्येक जोड, प्रत्येक भोक, प्रत्येक ठिगळ यांचा फोटो काढावा, ते कोणी आणि कशासाठी केले हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. आणि काढलेली खुंटी फेकू नये.