मसण अशुद्ध नाही

शेंद्र्याच्या एमआयडीसीतून बाहेर पडा आणि आसपासच्या कुठल्याही गावाकडे वळा. ओढ्याकाठी पत्र्याचं शेड दिसेल, त्यावर पाटी 'स्मशानभूमी'. गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, ती म्हणेल, "मसणवट्याचं इचारता व्हय?" आता सांगा, यातला शुद्ध शब्द कोणता?

बहुतेक जण पाटीकडे बोट दाखवतात. 'मसण हा स्मशानचा अपभ्रंश' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलोय. माझा आक्षेप याच वाक्यावर आहे. 'अपभ्रंश' म्हटलं की व्युत्पत्ती सांगितल्याचं समाधान मिळतं, कळत मात्र काहीच नाही.

मूळ संस्कृत शब्द 'श्मशान'. प्राकृतात सुरुवातीचा 'श्' गळाला आणि 'मसाण' झालं. हेमचंद्रानं बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात यासाठी सूत्रच दिलंय, आणि त्यात दोन शब्द जोडीनं घेतलेत: श्मश्रु आणि श्मशान. श्मश्रु म्हणजे दाढीमिशा. आपली 'मिशी' त्याच वाटेनं आली. मिशीला कोणी अशुद्ध म्हणतं का? उलट पीळ देतात! म्हणजे मसण हा नियमानं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडून आलेला शब्द. 'स्मशान' नंतर पोथीतून उचललेला, आणि उचलतानाही आपण 'श्'चा 'स्' केलाच.

बरं, श्मशान तरी कुठून आला? यास्क निरुक्तात सांगतो, 'श्म' म्हणजे शरीर, ते जिथं निजतं ती जागा. शतपथ ब्राह्मण वेगळंच सांगतं: मूळ शब्द 'शवान्न', प्रेताचं अन्न. दोघांचीही पद्धत एकच. आधी अर्थ ठरवायचा, मग त्याला जुळेल असा शब्द फोडायचा. यास्काचं म्हणणं आपल्याला जास्त पटतं, कारण इंग्रजी 'सिमेटरी'सुद्धा 'निजण्याची जागा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय. पण कल्पना सारखी असणं हा पुरावा नव्हे. श्मशानच्या व्युत्पत्तीवर आजही अभ्यासकांचं एकमत नाही. गंमत बघा, ज्याला आपण शुद्ध म्हणतो त्याचंच मूळ धूसर, आणि 'मसण'चा प्रवास मात्र टप्प्याटप्प्यानं दाखवता येतो.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण हा शब्द माणसांच्या नावात आहे. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत 'मसणजोगी' आणि 'सुडगाडसिद्ध' ही नावं एकत्र येतात. कन्नडमध्ये 'सुडु' म्हणजे जाळणं, 'काडु' म्हणजे रान. सुडुगाडु म्हणजे जाळण्याचं रान. दोन भाषाकुळं, एकच अर्थ. तिकडचा सिद्ध, इकडचा जोगी. दोन्ही नावांचा उत्तरार्ध साधनेचा आहे, पण आपल्या कानाला फक्त पूर्वार्ध ऐकू येतो, कारण 'मसणात जा' ही आपली शिवी आहे.

कोशातली नोंद सुधारली म्हणून कुणाच्या कपाळावरचा शिक्का पुसला जाणार नाही, हे मला कळतं. पण 'अशुद्ध' हा शिक्का आम्हा भाषावाल्यांनीच मारलाय. निदान तेवढा तरी आम्हीच पुसायला हवा. आणि तुम्ही? पुढच्या वेळी आजी 'मसणवटा' म्हणाली, तर तिला दुरुस्त करू नका.