पंच शेजारचेच असतात

जोतीराव फुल्यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी सक्तीच्या वैधव्याबद्दल इंग्रजीत एक छोटं टिपण लिहिलं. बेहरामजी मलबारी यांनी त्याच वर्षी बालविवाह आणि वैधव्य या विषयांवर दोन टिपणं सरकारकडे पाठवली होती. सरकारने त्यांवर मतं मागवली आणि जोतीरावांनी आपलं मत कळवलं. समाजसुधारणेच्या पुस्तकांत या टिपणाचा उल्लेख होतो आणि वाचक पुढे जातो. मला ते निराळ्या कारणासाठी मोठं वाटतं. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुलखातल्या एका मृत्यूचा इतका पुरता पंचनामा मी दुसरा वाचलेला नाही.

'पंचनामा' हा शब्द मी जपून वापरतोय. हल्ली मथळ्यांत त्याचा अर्थ खरडपट्टी असा झालाय. मूळ कागद मात्र फार संयमी असतो. मयताचं नाव, वय, प्रेत कुठे आणि कोणत्या स्थितीत मिळालं, अंगावर काय होतं, कुठे जखमा होत्या, मग पंचांचं मत आणि खाली सह्या. त्यात विशेषणं जवळजवळ नसतात. हळहळ तर नसतेच. गद्य म्हणून पाहिलं तर हेवा वाटावा इतकं ते कोरडं असतं.

या कागदाचा आमच्या भागातला इतिहास मजेशीर आहे. मी भिवंडीत राहतो. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने गावच्या पोलीस पाटलावर एक काम टाकलं. हद्दीत कुणी अचानक किंवा अनैसर्गिक रीतीने मेलं, किंवा प्रेत सापडलं, तर त्याने गावातली किंवा शेजारपाजारची दोन किंवा अधिक शहाणी माणसं तातडीने जमवायची, मरणाचं कारण शोधायचं आणि लेखी अहवाल ठाण्याला पाठवायचा. मुंबई शहराची रीत वेगळी होती. तिथे कोरोनर आणि त्याची ज्युरी होती, त्यासाठी १८७१ चा वेगळा कायदा होता आणि ते पद थेट १९९९ पर्यंत टिकलं. पण खाडी ओलांडून ठाणे जिल्ह्यात आलात, की कोरोनर संपला. भिवंडीजवळच्या एखाद्या गावात विहिरीत प्रेत तरंगलं, तर काठावर उभे राहणार पाटील आणि ते दोन शहाणे.

कायदा करणाऱ्यांचा हिशेब सरळ होता. शेजाऱ्याला सगळं माहीत असतं. कोणाच्या घरात भांडण होतं, कोणती सून माहेरी जायचं म्हणत होती, कोणत्या विधवेला दिवस गेलेत. अडचण अशी, की माहीत असणं आणि लिहून देणं यांच्यामध्ये अख्खं गाव उभं असतं. पंचाला उद्या त्याच विहिरीचं पाणी प्यायचंय. ज्याच्याविरुद्ध लिहायचं, तो त्याच्या भावकीतला, नाहीतर सावकार, नाहीतर खुद्द पाटलाचा व्याही. अशा वेळी 'पाणी भरताना पाय घसरला' हे वाक्य सगळ्यांच्याच सोयीचं असतं. पंचनाम्याची ताकद आणि त्याची खोट एकच आहे: पंच शेजारचेच असतात.

हे फक्त आपल्याकडचंच नाही. स्टीफन बेरी या अमेरिकन इतिहासकाराने साउथ कॅरोलायना राज्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या कोरोनरच्या चौकशांचे कागद 'सीएसआय : डिक्सी' या नावाने इंटरनेटवर आणले. तिथेही प्रेताभोवती शेजारीच जमवत, आणि गुलामगिरीच्या काळात ज्युरीत बसणारे शेजारी गोरे पुरुष असत. मेलेला माणूस गुलाम असला, तरी त्याच्या मरणाचं कारण ठरवणार तेच. कारण सापडलं नाही, किंवा शोधायचं नसलं, तर त्या काळच्या इंग्रजी चौकशांत एक ठरलेला शेरा असे. आपल्या 'देवाज्ञा झाली'चा तो सख्खा भाऊ.

आता जोतीरावांच्या टिपणाकडे या. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या पुण्याच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावलं. दिवस गेल्यावर गर्भ पाडण्यासाठी विषारी औषधं दिली गेली. ती लागू पडली नाहीत. मुलगा झाला. अब्रूच्या भीतीने तिने त्याला मारून घरामागच्या विहिरीत टाकलं. प्रेत सापडलं, ती पकडली गेली, खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

घटना साधारण याच क्रमाने येते, आणि या टिपणाचं बळ या क्रमातच आहे. पंच विहिरीच्या काठावरून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. जोतीराव स्वयंपाकघरातून सुरुवात करतात आणि विहीर शेवटी येते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सर्व्हर कोसळला की 'पोस्टमॉर्टेम' लिहायची पद्धत आहे. टोयोटाच्या कारखान्यांतून आलेला एक नियम त्यात वापरतात: एका बिघाडाला पाच वेळा 'का' विचारा. मूल का मेलं? आईने मारलं. का? अब्रू जाणार होती. का? विधवेला मूल होणं गुन्हा होता. का? तिने पुन्हा लग्न करायचं नाही, असा नियम होता. तो नियम कोणी सांभाळला? त्या शास्त्र्याच्याच जातभाईंनी. कोर्ट पहिल्या 'का'वर थांबलं. जोतीराव पाचव्यापर्यंत गेले, आणि या घटनेतूनच सावित्रीबाईंच्या साथीने त्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं.

त्यानंतर टिपणात आकडे येतात, आणि माझ्या मते ते कोणत्याही भाषणापेक्षा जड आहेत. तोवर त्या घरात ३५ विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली, ३० गेली. कशाने गेली? दिवस लपवण्यासाठी आयांनी जी विषारी औषधं घेतली असणार, त्यांनी पोटातच झालेल्या इजेने, असं जोतीराव नोंदवतात. या ३० मरणांवर ना पाटील आला, ना पंच. सरकारी भाषेत ती नैसर्गिकच ठरली असती. जोतीरावांनी त्यांच्यापुढे कारणाचा रकाना आखला आणि तो भरला.

याच्या शेजारी रणजित गुहा यांचा चंद्राच्या मृत्यूवरचा १९८७ चा निबंध ठेवून वाचावा. १८४९ च्या बंगालमधली बागदी जातीची विधवा चंद्रा गर्भपाताच्या औषधाने मेली. औषध दिलं तिच्या बहिणीने, तिला वाचवण्यासाठीच. उरले आहेत ते फक्त कबुलीजबाब. गुहा दाखवतात, की कायद्याच्या साच्यात शिरताच मरण 'खून' होतं आणि धाकाखालच्या घरातली माया 'गुन्हा' होते. ते कागदाच्या रेघांमागचं दुःख वाचतात, आणि ते वाचणं थोर आहे. पण गुहांना हे सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर जुन्या कागदांतून करावं लागलं. जोतीराव त्याच शहरात, त्याच मित्रमंडळींत राहून लिहीत होते. तेही शेजारीच होते. फरक इतकाच, की या शेजाऱ्याने सही करायला नकार दिला आणि स्वतःचा कागद लिहिला.

तरी या टिपणात एक भोक आहे, आणि ते बुजवून वाचणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. गोवंड्यांचं नाव आहे. काशीबाईचं नाव आहे. शास्त्र्याचं नाव नाही. तो धूर्त आहे, शेजारचा आहे, एवढंच. आणि काशीबाई? ती तरुण, सुंदर, अजाण. तिचं स्वतःचं वाक्य नाही. इतका चोख पंचनामा, आणि त्यातही बाईला नाव आहे पण शब्द नाही, पुरुषाला नावही नाही. सरकारला पाठवायच्या मतात व्यक्तीपेक्षा व्यवस्था दाखवायची होती, असं समर्थन करता येईल. मला ते अर्धंच पटतं. आमच्या पोस्टमॉर्टेममध्येही माणसाला दोष द्यायचा नाही, व्यवस्थेतला दोष शोधायचा, असा दंडक आहे. सर्व्हरसाठी तो ठीक आहे. सर्व्हरला कुणी नादी लावत नाही.

हा प्रश्न थेट विचारला तो ताराबाई शिंद्यांनी. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भक मारल्याबद्दल फाशी ठोठावली गेली, पुढे अपिलात ती टळून काळं पाणी झालं. पुण्यातल्या एका पत्राने त्यावरून बायकांच्या चालीरीतींवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' छापून उत्तर दिलं: ज्या दोषांसाठी बायकांना आरोपी करता, त्यांत पुरुष कुठे आहेत? या पुस्तकावर टीका झाली, तेव्हा जोतीरावांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून तिची बाजू घेतली. ही दोन लेखनं एकत्र वाचली तरच पंचनामा पुरा होतो. जोतीराव कारण भरतात आणि ताराबाई आरोपीचा रिकामा रकाना दाखवतात.

तो रकाना अजून आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे आजही पोलीस अधिकारी शेजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मरणाचं 'दिसणारं' कारण नोंदवतो. १८६७ चे 'शहाणे' आता 'प्रतिष्ठित' झाले. १९७५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हल्ला कोणी आणि कसा केला, हे शोधणं या चौकशीचं कामच नाही. १९८३ मध्ये मात्र कायद्याने एक गोष्ट मान्य केली: लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई मेली, तर शेजारच्यांच्या मतावर भागत नाही, पुढची तपासणी हवी. जोतीरावांच्या टिपणानंतर ९९ वर्षांनी.

मोबाइलवर बातमी सरकवताना 'आकस्मिक मृत्यूची नोंद करण्यात आली आहे' हे वाक्य तुम्हाला या आठवड्यातही दिसेल. ते वाक्य खोटं नसतं. ते विहिरीच्या काठावर थांबलेलं असतं. ही दोन जुनी लेखनं वाचल्यावर एक सवय लागते: त्या वाक्याखाली सही कोणाची आहे, आणि सही करणारा किती घरं सोडून राहतो, हे विचारायची.