पोथीचे छायामुद्रण आणि काळी शाई

जुन्या पोथीची छायामुद्रित प्रत अभ्यासक साक्षीदार म्हणून वापरतो. माहूरसारखे महानुभावांचे पूज्य स्थान नांदेड जिल्ह्यातच असले, तरी नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याला सकळ लिपीतील लेखनाचा प्रथम परिचय बहुधा मुद्रित पृष्ठावरूनच होतो. ते पृष्ठ किती खरे बोलते, हा प्रश्न म्हणूनच पाठचिकित्सेचाही आहे. अशा प्रतीचे परीक्षण करताना आपण प्रस्तावना, कागद व बांधणी पाहतो. तिच्यातील काळा रंग कसा सिद्ध झाला, हे पाहत नाही.

ऑफसेट मुद्रणात निळी, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शाया वापरतात. पहिल्या तिघींच्या मिश्रणातून करडी छटा निघते. तीच छटा त्यांचा समाईक अंश वगळून काळ्या शाईनेही साधता येते. भाषेतील पर्यायी शब्दांप्रमाणे येथे परिणाम एक, मार्ग अनेक. हा मार्ग कलर प्रोफाइल तयार होतानाच ठरतो: काळी शाई कोणत्या छटेपासून सुरू व्हावी, किती वेगाने वाढावी आणि चारही शायांची बेरीज कोठे थांबावी. ही बेरीज गुळगुळीत कागदावर सुमारे ३०० टक्के, तर वृत्तपत्री कागदावर सुमारे २४० टक्के धरतात.

पोथीच्या बाबतीत ही निवड दोन्ही बाजूंनी चुकू शकते. काळी शाई अगदी कमी ठेवली, तर अक्षर मुख्यतः तीन रंगांचे बनते. पत्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके सरकले, तरी त्याच्या कडा रंगीत होतात आणि बारीक अनुस्वार विरघळतो. ‘तयाचें’ आणि ‘तयांचें’ यांतील वचनभेद त्या एका बिंदूवर उभा आहे. उलट काळी शाई फिकट छटेपासूनच वापरली, तर जीर्ण कागदाच्या तपकिरी पार्श्वभूमीवर काळे कण विखुरतात. डाग कोणता आणि लेखणीचा स्पर्श कोणता, याविषयी शंका उत्पन्न होते.

माझ्या मते योग्य मार्ग असा: कागदाची छटा संपेपर्यंत काळी शाई जवळजवळ नसावी, त्यापुढे ती त्वरेने वाढावी आणि अक्षराचा भार तिनेच वाहावा. यावर असा आक्षेप संभवतो की, त्यामुळे बोरूतील शाई कोठे संपत आली, कोठे पुन्हा भरली, हा चढउतार सपाट होईल. आक्षेप रास्त आहे. म्हणून वाढ त्वरेची असली, तरी एकदम तुटक नसावी आणि इतर शायांचा थोडा आधार अक्षराखाली राहू द्यावा.

परीक्षा सोपी आहे. छपाईपूर्वी केवळ काळ्या शाईचा पत्रा वेगळा पाहावा. त्यावर संपूर्ण मजकूर अनुस्वारांसह वाचता आला पाहिजे. लेखकाने चूक झाकण्यासाठी लावलेली पिवळी हरताळ व दंडांचा तांबडा हिंगूळ मात्र त्यावर जवळपास दिसू नये. हरताळेवर पुन्हा लिहिलेले अक्षर तेवढे उमटावे. दुरुस्तीचा इतिहास रंगांच्या या विभागणीतच सुरक्षित राहतो.

संपादकाने आपल्या प्रस्तावनेत पाठभेदांची पद्धती सांगावी, तशीच कागदाची जात व काळ्या शाईची योजनाही सांगावी. ज्या बिंदूवर आपण व्याकरणाचा निर्णय करतो, तो लेखकाचा की छापखान्याचा, हे जाणण्याचा वाचकास अधिकार आहे.