कंठ, देह आणि विद्यापीठाचा रंगमंच

विद्यापीठातील ऑपेराप्रयोगांचा विचार समीक्षेत बहुधा शैक्षणिक उपक्रमाच्या अंगाने होतो. तरुण गायकांना घडविणारी कार्यशाळा एवढीच त्यांची ओळख गृहीत धरली जाते आणि 'विद्यार्थ्यांच्या मानाने बरे' अशा सवलतीच्या भाषेत मूल्यमापन उरकले जाते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील ब्रँडर मॅथ्यूज रंगमंदिराने सादर केलेले तीन प्रथम प्रयोग डोळ्यांसमोर ठेवले, तर ही भाषा किती अपुरी आहे ते ध्यानात येते. बेंजामिन ब्रिटनचा 'पॉल बन्यन' ५ मे १९४१ रोजी, मेनोत्तीचा 'द मीडियम' ८ मे १९४६ रोजी आणि व्हर्जिल थॉमसनचा 'द मदर ऑफ अस ऑल' ७ मे १९४७ रोजी येथे प्रथम रंगभूमीवर आला. तिन्ही प्रयोग मे महिन्याच्या आरंभीचे, म्हणजे अध्यापनवर्ष सरत आल्यावरचे. नंतरच्या दोन कृती तर विद्यापीठाच्या डिटसन निधीतून मुद्दाम लिहवून घेतलेल्या होत्या.

या तीन कृतींत एक विलक्षण साम्य आहे आणि ते कथावस्तूत नाही. कंठ आणि देह यांची एकात्मता हा ऑपेराचा मूलभूत संकेत होय. जो रंगमंचावर उभा आहे तो गातो, आणि गाण्यातूनच त्याचे पात्रत्व सिद्ध होते. (मराठी वाचकाने येथे संगीत नाटकाची सवय बाजूला ठेवावी. तेथे गद्य आणि पद यांचे सहअस्तित्व असल्याने न गाणारे पात्र खटकत नाही. 'संगीतिका' हा प्रतिशब्द वापरला तरी संकेतांतला हा भेद मिटत नाही.) कोलंबियातील तिन्ही कृती नेमका हाच संकेत उसवतात. ऑडेनने लिहिलेल्या संहितेतला पॉल बन्यन हा लाकूडतोड्यांचा महाकाय लोकनायक कधी दिसतच नाही. त्याचा केवळ आवाज येतो, आणि तो आवाजही गात नाही, बोलतो. 'द मीडियम'मधला टोबी हा मुका पोरगा याच्या अगदी उलट टोकाला आहे: त्याला देह आहे, कंठ नाही. थॉमसनच्या कृतीची संहिता गर्ट्रूड स्टाइनची. तिच्या अखेरीस स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेल्या सूझन बी. अँथनीच्या पुतळ्याचे अनावरण होते आणि मृत सूझनचे गाणे त्या पुतळ्यामागून ऐकू येते.

विद्यापीठाचा रंगमंच होता म्हणून हे घडले, असा सरळ कार्यकारणभाव मांडणे धाडसाचे ठरेल. मेनोत्ती कोठेही रंगमंचीय परिणामाचाच विचार करणारा संगीतकार; टोबीचे मुकेपण ही त्याच्यापुरती भयनाट्याची युक्तीही असू शकते. पाच गाणारी पात्रे, एक मुका आणि लहानसा वाद्यवृंद एवढ्या सामग्रीवर उभी राहिलेली ही कृती १९४७मध्ये ब्रॉडवेवर गेली आणि तेथे तिचे दोनशेहून अधिक प्रयोग झाले. तिला विद्यापीठाची गरज जन्मापुरतीच होती. उरलेल्या दोन कृतींची गोष्ट निराळी आहे.

'पॉल बन्यन'च्या पहिल्या प्रयोगाच्या वेळी ब्रिटन २७ वर्षांचा होता. मूळ कल्पना शालेय मुलांना करता येईल अशा ऑपेरेटाची. त्यामुळे लहान-लहान भूमिका पुष्कळ, समूहगान भरपूर, आणि कथा पुढे नेणारा गिटारवरचा बॅलड-गायक. वृत्तपत्रीय समीक्षकांनी कृती नाकारली. त्यांत 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'चा संगीतसमीक्षक अग्रभागी होता आणि त्याच्या रोषाचा मुख्य रोख संहितेवर होता. हा समीक्षक म्हणजे व्हर्जिल थॉमसन. सहाच वर्षांनी त्याच विद्यापीठात त्याने स्वतः जी संहिता रंगभूमीवर आणली, तिच्यात वेगवेगळ्या काळांतली ऐतिहासिक माणसे एकमेकांशी बोलतात, संगीतकार आणि लेखिका ही दोघेही पात्ररूपाने वावरतात, आणि रूढ अर्थाने कथानक शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

हा विसंगतीचा मुद्दा केवळ गमतीचा नाही. थॉमसनचा आक्षेप सर्वस्वी गैर होता असे म्हणता येत नाही. ऑडेनची संहिता चतुर आहे, पण ती स्वतःच्या चातुर्यावरच रेंगाळते. आणि ब्रिटनचे संगीत बॅलड, ब्लूज, ऑपेरेटा अशा शैली भराभर बदलत शब्दांशी स्पर्धा करीत राहते. थॉमसनने स्टाइनच्या शब्दांशी स्पर्धा केली नाही. अमेरिकी इंग्रजीच्या बोलण्याची लय त्याने जशीच्या तशी उचलली, तिच्याखाली प्रार्थनागीते, कवायतीच्या धून आणि वॉल्ट्झ यांचा साधा आधार ठेवला, आणि अर्थ लागो न लागो, प्रत्येक शब्द ऐकू येईल याची काळजी घेतली. परंतु समीक्षक थॉमसनने ब्रिटनला दोष दिला तो संहितेच्या निवडीसाठी. खरा फरक मात्र संहिता हाताळण्यात होता. निवडीचा निकष स्वतःला लावला असता तर 'द मदर ऑफ अस ऑल' लिहिलाच गेला नसता. स्टाइन हा प्रयोग पाहायला हयात नव्हती. जुलै १९४६मध्ये, संगीत पुरे होण्याआधीच तिचे निधन झाले.

खरा प्रश्न ग्रहणाचा आहे. व्यावसायिक हंगामाच्या मोजपट्टीने दिलेल्या निकालामुळे 'पॉल बन्यन' सुमारे ३५ वर्षे रंगभूमीबाहेर राहिला. ज्या संस्थेला तिकीटविक्रीची धास्ती नव्हती, तिनेही तो निकाल अंतिम मानावा, हे विद्यापीठाच्या ज्ञानव्यवहाराशी जुळत नाही. नवी कृती जन्माला घालण्याचे धैर्य विद्यापीठाने दाखविले, पण फसलेल्या मानल्या गेलेल्या कृतीकडे पुन्हा वळून पाहण्याचे दाखविले नाही. ग्रंथालयात मात्र हीच संस्था वाईट मानलेली पुस्तकेही जपून ठेवते.

ब्रिटनने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ही कृती दुरुस्त केली आणि १९७६मध्ये ऑल्डबरोच्या महोत्सवात ती रंगभूमीवर परतली. ऑडेन १९७३मध्येच निवर्तला होता. दुरुस्तीत काही पदे गळली. बन्यनला मात्र ब्रिटनने गाणे दिले नाही. तो पूर्वीसारखाच अदृश्य राहून बोलतो.